सोमवारची ताटं

टाल्फोर्स,
१६ नोव्हेंबर

प्रिय लामारा आत्या,

तुला खूप खूप प्रेम, आणि तुझ्या रोटीच्या भट्टीवर रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या कुताइसीकरांना नमस्कार. फोनवरचं बोलणं हवेत जातं, पत्र गल्ल्याच्या खणात राहतं, असं तू म्हणालीस, म्हणून लिहिते आहे. जोरात वाचून दाखवायला हरकत नाही. फक्त नुग्झारकाकांना सांग, मला इथे अजून एकही अस्वल भेटलेलं नाही.

मी ठणठणीत आहे. दुपारी अडीचला अंधार पडतो, तेवढी एक तक्रार. कामाचं नाव मोठं आहे, स्वयंसेवक. प्रत्यक्षात मी शाळा सुटल्यावर युवा केंद्रात गावातल्या पोरांबरोबर टेबल टेनिस हरते, पाव भाजते आणि माझ्या स्वीडिशला त्यांना हसू देते. केंद्राचा प्रमुख होकान. पन्नाशीचा, डोक्यावर केस नाहीत म्हणून घरातसुद्धा लोकरीची टोपी. परवा म्हणाला, "तेओना, तू बोलतेस ते मला कळतं, पण तू बोलतेस म्हणून नाही हं, मी हुशार आहे म्हणून." वयाने एवढा मोठा, तरी त्याला अरे-तुरे करायचं. इथे सगळ्यांनाच करतात. पहिला महिना माझी जीभ अडखळायची.

आठवड्यातून दोनदा सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात गुनवोरच्या हाताखाली असते. इथे शाळेत सगळ्या मुलांना दुपारचं जेवण मिळतं आणि गुनवोर एकतीस वर्षं ते वाढते आहे. फार खडूस बाई. सोमवारी तर माझ्याशी बोलतही नाही. "आज गप्पा नकोत, आज सोमवार आहे," म्हणते आणि पोरांच्या ताटांकडे डोळे लावून बसते. सोमवारचं एवढं काय, देव जाणे.

आता तुला आवडेल ते सांगते. केंद्रात लोविसा नावाची तेरा वर्षांची मुलगी येते. अंगातलं जॅकेट कधी काढत नाही. सहा वर्षांची बहीण एब्बा तिच्या शेपटासारखी मागे. एकदा आम्ही दालचिनीचे पाव केले, तेव्हा लोविसाने चार पाव खिशात घातले. मी पाहिलं, ते तिनेही पाहिलं. मी आणखी चार तिच्या दुसऱ्या खिशात कोंबले. आधी रोटी, मग चौकशी! तुझी भाची दुसरं काय करणार?

मग त्यांना रविवारी माझ्याकडे बोलावलं. मुलांना घरी बोलवायची आम्हाला परवानगी नाही, तेव्हा हे वाक्य वाचताना आवाज जरा खाली घे. मी चीज भरून खाचापुरी भाजली, राजम्याचा लोबिओ केला. दोघी बूट काढून आल्या आणि पॅसेजमधल्या बाकावर बसून राहिल्या. मी म्हटलं, "अगं या ना, पानं वाढलीत."

लोविसा म्हणाली, "तू जेव. आम्ही इथे थांबतो."

इथे तशी रीतच आहे म्हणे. जेवायच्या वेळी दुसऱ्याचं मूल घरात असलं, तर ते बाजूच्या खोलीत थांबतं, घरचे जेवून घेतात आणि मग पुन्हा खेळ सुरू. त्यात कुणाला काही वाटत नाही. मला मात्र घास गेला नसता. दंडाला धरून दोघींना आणून बसवलं. एब्बाने खाचापुरीचे पाच तुकडे खाल्ले. जाताना लोविसा म्हणाली, "तू कुणाला सांगणार नाहीस ना?"

"काय सांगायचं?"

"काहीच नाही."

आता दर रविवारी येतात. तू प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारतेस, जेवलीस का? जेवले गं बाई! आणि दोघींना पोटभर जेवू घातलं.

तुझीच,
तेओना


टाल्फोर्स,
९ मार्च

प्रिय आत्या,

तुझी दोन पत्रं आली, मोजे आले, सुकवलेली प्लम आली. उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. आणि एक विनंती, हे पत्र भट्टीवर वाचून दाखवू नकोस.

इकडे बर्फ अजून खिडकीच्या कट्ट्यापर्यंत आहे. होकानचं फावडं मोडलं, नवीन आणलं, तेही मोडलं. माझं स्वीडिश बरंच सुधारलंय, आता पोरं फक्त उच्चारांना हसतात. फेब्रुवारीत शाळेला आठवड्याची हिवाळी सुट्टी असते, केंद्रही बंद असतं. तेव्हा मी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी होते. म्हणजे फोनवर तुला मी तसं सांगितलं होतं.

लोविसा कशी आहे, असं तू दोन्ही पत्रांत विचारलंस. मला माहीत नाही, आत्या.

नीट सांगते. सुट्टीच्या आदल्या रविवारी त्या नेहमीसारख्या आल्या होत्या. लोविसाने विचारलं, "सुट्टीत तू आहेस?" मी म्हटलं, "मी कुठे जाणार? या की. नाताळच्या सुट्टीत यायच्यात तशा मधल्या वारीही या, शाळा नाहीच आहे." ती हसली. फार कमी हसते ती, म्हणून लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला विमानाचं तिकीट आलं, दुपारचं. मी निघाले. जाण्याआधी लोविसाला कळवायचं होतं, पण कसं? मुलांना आपला फोन नंबर द्यायचा नाही असा नियम आहे, आणि एवढा एकच नियम मी इमानेइतबारे पाळला होता. त्यांचं घर कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. तीन महिने त्या माझ्या टेबलाशी जेवल्या आणि घर कुठे, एवढंसुद्धा मी कधी विचारलं नाही. शेवटी एक चिठ्ठी लिहून माझ्या दारावर चिकटवली. तिसऱ्या मजल्यावरच्या दारावर. इमारतीचा खालचा दरवाजा आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही आणि ते आकडे त्यांना माहीत नव्हते. दर वेळी मीच खाली जाऊन त्यांना वर आणायची. हे माझ्या लक्षातच आलं नाही. घाई होती.

बुधवारी त्या आल्या. उणे एकवीस होतं. दीड तास दरवाजाशी उभ्या होत्या. एब्बाचा एक हातमोजा वाटेत कुठेतरी पडला होता. पहिल्या मजल्यावरचे बेंग्ट आजोबा कुत्र्याला फिरवायला बाहेर पडले, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय गं, इथे काय करताय?"

लोविसा म्हणाली, "आम्ही थांबलोय. ती जेवत असेल. जेवण झालं की बोलावेल."

हे बेंग्ट आजोबांनी मला तीनदा सांगितलं.

एब्बाची तीन बोटं गारठून पांढरी पडली होती, हिमदंश झाला होता. हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि तिथे मग सगळं बाहेर आलं. बाप नाही. आई घरातच होती, अंथरुणात. वाईट बाई नाही ती, आत्या, आजारी आहे. मन आजारी आहे. सप्टेंबरपासून उठलीच नव्हती. लोविसा घर चालवत होती. शाळेच्या जेवणावर आठवडा निघायचा, शनिवार-रविवार राहायचा. तो मी भरून काढत होते. सुट्टीत शाळाही नव्हती आणि मीही नव्हते.

मी परत आले ती सहा दिवसांनी, रविवारी. दारावर चिठ्ठी तशीच होती.

पुढचं सांगायला मला जड जातंय. शाळा उघडली त्या सोमवारी मी स्वयंपाकघरात गेले. वाटलं, गुनवोर मला शिव्या देईल. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "बस. तुला सोमवारचं सांगायचं राहिलंच."

मग तिने सांगितलं. ज्या घरात काही बिनसलेलं असतं, तिथलं मूल सोमवारी दोन-दोन, तीन-तीन ताटं खातं. शुक्रवारच्या दुपारपासून त्याच्या पोटात काही नीट गेलेलं नसतं. मूल तोंडाने कधी सांगत नाही, ताट सांगतं. म्हणून गुनवोर एकतीस वर्षं सोमवारी गप्प असते. लोविसाची ताटं तिने ऑक्टोबरातच हेरली होती. शाळेच्या नर्सला सांगितलं होतं. ठरलं होतं की आणखी चार सोमवार बघायचे आणि तसंच राहिलं तर घरी जाऊन चौकशी करायची.

"आणि मग ती पोरगी ताटात टाकायला लागली," गुनवोर म्हणाली. "पहिल्या सोमवारी अर्धा मासा टाकला. दुसऱ्या सोमवारी बटाटे. चारही सोमवार तसेच. मी नर्सला सांगितलं, जाऊ नका, बरं दिसतंय. मला वाटलं, आई उठली. आई उठली नव्हती, तेओना. तू होतीस."

ती रागाने बोलली नाही. बटाटा हातात तसाच धरून म्हणाली, "मीही एकदा विचारायला हवं होतं, कुठे जेवलीस म्हणून. नाही विचारलं."

आत्या, मी त्यांना खाऊ घातलं नसतं, तर नोव्हेंबरातच त्यांच्या दारात कुणीतरी गेलं असतं. आईला औषध मिळालं असतं. एब्बाची बोटं धड असती. मी काय केलं माहीत आहे? झाकून ठेवलं. खाचापुरीने झाकून ठेवलं, आणि वर तुला फुशारक्या लिहिल्या.

होकानने ओरडायला हवं होतं. ओरडला नाही. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "एकदा मला येऊन सांगायचं होतंस. रागावलो असतो, पण रागावून झाल्यावर पुढचं काम मी केलं असतं." मुली कुठे आहेत, मी विचारलं. म्हणाला, दोन वेगळ्या कुटुंबांकडे ठेवल्या आहेत, एकत्र घेणारं घर मिळालं नाही. कुठल्या गावी, ते त्याला माहीत नाही. माहीत असतं तरी मला सांगता आलं नसतं. कायदाच तसा आहे, मुलांच्या भल्यासाठी, आणि मला त्यात खोट काढता येत नाही. मी कोण? ना नात्याची ना गोत्याची. लोविसाला पत्र लिहून समाजकल्याणच्या ऑफिसात दिलं. तिथली बाई फार गोड बोलली. म्हणाली, योग्य वाटलं तर देऊ. दिलं की नाही, तेही मला कळणार नाही.

एब्बा लोविसाशिवाय झोपत नाही. हे त्या घरातल्यांना कुणी सांगितलं असेल का? मी ऑफिसात सांगितलं. बाईने लिहून घेतलं. आणखी काय करू?

आता राहिलेलं सांगते. मी प्रशिक्षणाला गेले नव्हते. बारी शहरात गेले होते, आईकडे. हो, तुझ्या वहिनीकडे. अकरा वर्षांनी. तिकीट तिनेच पाठवलं होतं. तू तिचं नाव घरात घेऊ देत नाहीस, म्हणून खोटं बोलले. ती ज्या म्हातारीची सेवा करते, तिच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी बसलो. तिने लोबिओ केला आणि विचारलं, "आत्याच्या हातासारखा झालाय का?" मी म्हटलं, नाही. मग दोघी रडलो आणि मग जेवलो. तो बुधवार होता, आत्या. मी हिशेब लावून पाहिला. लोविसा बरोबर बोलली होती. मी जेवतच होते.

तुझा राग तू सावकाश कर, मी ऐकून घेईन. पण त्याआधी मला एक सांग. शाळेतून येताना जी पोरं तुझ्या भट्टीशी उभी राहायची, त्यांना तू गरम रोटी द्यायचीस. मी त्यांच्यातलीच एक होते, आई सोडून गेल्यावर. आधी रोटी, मग चौकशी, असं तू म्हणायचीस. ती चौकशी तू केव्हा करायचीस? मी खूप आठवते आहे, मला एकदाही आठवत नाही. मी तुला दोष देत नाही. मला खरंच शिकायचं आहे.

ऑगस्टपर्यंत मी इथे आहे. गुनवोर आता सोमवारी मला खिडकीशी शेजारी उभी करते. परवा सातवीतली एक मुलगी तिसऱ्यांदा ताट घेऊन आली. गुनवोरने मला कोपर मारलं. मी वाढलं. सगळ्यांना वाढते तेवढंच. जास्तीचा पाव हातात होता, तो परत टोपलीत ठेवला. मुलगी ताट पुसून पुसून खात होती आणि मी नुसती उभी होते. गुनवोर वहीत लिहीत होती. चार सोमवार बघणार. काय बरोबर आहे ते मला कळतं, पण हातांना कळत नाही.

या पत्राच्या उत्तरातही तू शेवटी तेच विचारशील, जेवलीस का? जेवते, आत्या. रविवारी आधी खाली जाऊन दरवाजा उघडून बघून येते, आणि मग जेवते.

तेओना