जोडशाफ्टाची वाटणी

“मोतीराम, पोरीले शाफ्टापाशी येऊ देत नको जाऊ. तिची नजर लागते मशिनले.”

अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत मिस्त्रीने माझ्या वडिलांना हे वाक्य ऐकवले तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडील तिथे ऑइलमन होते. त्या दिवशी मोठा पट्टा तुटला होता, आणि तुटायच्या आधी अर्धा तास मी त्याच्याकडे टक लावून बसले होते, हे खरे आहे. पट्ट्याच्या जोडावरचा टाका सुटत चाललेला मला दिसत होता. मी वडिलांना सांगितले. वडिलांनी मिस्त्रीला सांगितले नाही. आमच्या माणसाने मिस्त्रीला मशीन शिकवावी असे ते दिवस नव्हते.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे वकील वामनराव म्हणाले. मी म्हटले, मरणार मी, तर सुरुवातही मीच ठरवीन.

तर मी जमुना, कै. देवमन तायडे यांची पत्नी, कै. मोतीराम खंडारे यांची मुलगी, वय सत्तेचाळीस, धर्म बौद्ध, धंदा इंजिनियर, राहणार फ्रेझरपुरा, अमरावती, हे माझ्या हाताने लिहीत आहे. पोटात गाठ आहे आणि पुढच्या सोमवारी नागपूरला ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवूनही घेतलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याची हौस नाही.

“धंदा” या शब्दाशी वामनरावांचा कारकून अडला होता.

“बाई, घरकाम लिहितो.”

“इंजिनियर लिवा.”

“डिप्लोमा हाये काय?”

“नाई.”

“मंग?”

“मंग काय? तुमचा रेडिओ बंद पडला तवा डिप्लोमावाल्याकडे नेला होता, का माझ्याकडे आणला होता?”

तो हसला. मग त्याने लिहिले. तो कच्चा कागद समोर ठेवूनच मी हा पक्का लिहीत आहे.

कलम १. फ्रेझरपुऱ्यातले माझे दोन खोल्यांचे घर, मागच्या अंधाऱ्या खोलीसह, माझा भाऊ शेषराव याची बायको इंदूबाई हिच्या एकटीच्या नावे करते. शेषरावला घरातली वीटही देत नाही. कारण कलम ५ मध्ये येईल. इंदूने घर भाड्याने द्यावे, विकावे किंवा रागाच्या दिवशी तिथे जाऊन राहावे. विचारायला कोणी जाऊ नये.

कलम २. पोस्टातल्या पुस्तकावर जे उरेल त्यातून वस्तीच्या विहारातल्या वाचनालयात विजेचे दिवे बसवावेत.

कलम ३. लेथ, ड्रिल, पकडी आणि तारांची पेटी राजापेठेतल्या श्रावण सायकलवाल्याला द्यावी. माझ्या तीन कानशी त्याच्याकडे १९५८ सालापासून आहेतच. दर वेळी “उद्या आणतो, बाई,” म्हणतो. आता आणू नये.

कलम ४. माझी माठपेटी तंत्रनिकेतनाला द्यावी. ही काय वस्तू आहे ते तिथले लोक विचारतील म्हणून लिहिते. आपल्या इकडच्या मे महिन्यात कॅमेऱ्यातली फिल्म मऊ पडते, चित्रे एकमेकांना चिकटतात. परदेशी कॅमेरा बनवणाऱ्याने अमरावतीचा उन्हाळा पाहिलेला नसतो. मी फिल्मच्या डब्याला बाहेरून मातीचे कवच केले, मधे जागा सोडली आणि वरून ओले पोते गुंडाळले. माठात पाणी गार राहते तशी फिल्म गार राहते. अंजनगावच्या एका लग्नात भर दुपारी दीड तास चित्रण केले, एक फूटही वाया गेले नाही. एवढे पुरे. तंत्रनिकेतनाने ती पेटी जिन्याखाली टाकली तरी चालेल, कोणी तरी एक दिवस जिन्याखाली बघतोच.

कलम ५. आता जोडशाफ्ट.

माझे पती देवमन हे येथील प्रकाशलेखा स्टुडिओत कामाला होते. १९५३ साली ते टायफॉइडने गेले, तेव्हा मालक केशवराव यांनी मला त्यांच्या जागी घेतले. हे उपकार मी नाकारत नाही. माझे काम रिटचिंगचे. माणूस मेला की घरचे लोक त्याला भिंतीला टेकवून फोटो काढून घेत, आणि मग बारीक ब्रशने मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे काढायचे असत. तीन वर्षांत मी किती जणांचे डोळे उघडले याचा हिशेब नाही. (माझा असा फोटो काढू नये. काढलाच तर डोळे मिटलेले ठेवावेत. मी पुष्कळ पाहिले आहे.)

मग केशवरावांनी सिनेमाचा छोटा कॅमेरा आणि एक टेपरेकॉर्डर आणला. लग्ने, सभा, कापसाच्या बाजाराची उद्घाटने, अशी चित्रे घ्यायचा त्यांचा विचार होता. अडचण एकच. कॅमेरा चावीवर चाले, टेप विजेवर. पाच मिनिटांत आवाज मागे पडे. पुढारी तोंड मिटून खाली बसले तरी भाषण चालूच राही. लोक हसत. केशवरावांना हसू येत नसे.

मला अकोल्याची फॅक्टरी आठवली. तिथे एका शाफ्टवर सरकी काढणारे चाळीस जिन फिरत. एकही पुढे नाही, एकही मागे नाही. मग एका दांड्यावर दोन यंत्रे का फिरू नयेत? कॅमेऱ्याची चावी काढली, टेपची मोटर काढली. दोघांना एकच मोटर आणि एकच दांडा दिला, तोच जोडशाफ्ट. पट्टा घसरतो म्हणून सायकलची चेन घातली. चेनचा आवाज टेपमध्ये येई, म्हणून गादीची रुई भरलेल्या पेटीत सगळे बसवले. दाखवतानाही तोच दांडा, म्हणजे चित्र आणि आवाज जन्मभर एका चालीने चालतात. हे सगळे मी रविवारी, माझ्या मागच्या खोलीत केले. स्टुडिओचा एक खिळाही घेतला नाही. चेन आणि दातेरी चाके श्रावणने दिली, पेटी वस्तीतल्या सुताराने केली, रुई बायकांनी आपापल्या गाद्यांतून मूठ मूठ काढून दिली.

त्या वेळीच वामनरावांनी मला बजावले होते, “पेटंटचा अर्ज होईपर्यंत हे कोणाला दाखवू नका. चार लोकांनी पाहिलं की हक्क गेला.”

मी दाखवले, आणि चौघांना नव्हे, सगळ्या वस्तीला. १९५९ च्या धम्मचक्र दिनी पांढरे लुगडे ताणून बांधले आणि आमच्या वस्तीतल्या सुंदराबाईचे चित्र लावले. ज्यांच्या गादीतली रुई त्या पेटीत होती त्यांच्यापासून पेटी लपवायची कशी, हे मला कळले नाही. वामनराव याला माझी चूक म्हणतात. कायद्याने असेल. पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच करीन.

सुंदराबाई तेव्हा सत्तरीच्या. चित्रात त्या ओट्यावर बसून बोलतात, “देव सोडून आज तीन वर्सं झाले. टोपल्यात भरले न् नदीत सोडले. लोकं म्हनत, तुमचं आता कसं होईन? मी म्हनलं, आजवर कसं झालं ते पायलं नाई काय?” शब्द आणि ओठ बरोबर जुळत होते. लोक श्वास धरून बसले होते. खुद्द सुंदराबाई मात्र पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, “कावं जमुना, मी एवढी म्हातारी दिसतो? तुयी मशीन खोटी हाये!”

पुढच्या रांगेत खुर्चीवर केशवराव होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला बोलावून पेटी उघडून दाखवायला लावली. मी दाखवली.

१९६२ साली त्यांच्या नावाने पेटंट आले. त्यात लिहिले होते की हे यंत्र त्यांनी १९६१ साली स्टुडिओमागच्या आपल्या कारखान्यात, आपल्या नकाशावरून प्रथम बनवले. हे खरे असल्याचे प्रतिज्ञापत्र पेटंटला जोडले होते, त्यावर सही शेषरावची. मीच त्याला तिथे फिटर म्हणून लावले होते.

मी केशवरावांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, “जमुनाबाई, तुमचं नाव घातलं असतं तर मुंबईच्या एका तरी माणसानं हे मशीन घेतलं असतं का?”

“का बरं नसतं घेतलं?”

“ते तुम्हालाही माहीत आहे.”

माहीत होते. त्यांच्या तोंडून ऐकायचे होते, ते त्यांनी ऐकवले नाही. मी त्याच दिवशी काम सोडले. संध्याकाळी शेषरावच्या घरी गेले.

“शेषराव, मशीन कोनं बनवली?”

“तुनं, बाई.”

“मंग कागदावर काय लिवलं?”

“त्यायनं मले वाचू नाई देल्लं.”

“तुले वाचता येते. पाटीवर मीच गिरवून घेतलं तुयाकडून.”

“नोकरी हाये, बाई. तीन लेकरं हायेत.”

चुलीपाशी बसलेली इंदू उठली. ताटात भाकर वाढून तिने माझ्यापुढे ठेवली आणि नवऱ्याकडे पाठ करून म्हणाली, “सही यायनं केली. मी नाई केली. तुमी जेवा.” घर तिला दिले ते या वाक्याबद्दल.

कलम ६. माझ्या पेटाऱ्यात पत्र्याचा एक डबा आहे. त्यात सुंदराबाईंचे रीळ आणि त्याची टेप आहे. सुंदराबाई १९६३ साली गेल्या, पण त्यांचे “तीन वर्सं झाले” त्या टेपवर आहे, आणि आमच्या दीक्षेच्या १९५६ मध्ये तीन मिळवले की १९६१ होत नाहीत. टेपच्या शेवटी आणखी एक आवाज आहे: “बाई, चेन उतरून राहिली, थांब, मी हातानं धरतो.” तो शेषरावचा आहे.

हे रीळ कोर्टात वाजले तर केशवरावांचे पेटंट मोडेल, असे वामनराव म्हणतात. वर हेही म्हणतात, “पण बाई, ते मोडलं तरी तुमचं होणार नाही. तुम्हीच आधी सगळ्यांना दाखवलंत.” हे ऐकूनही मी चार वर्षे डबा उघडला नाही. हक्क मिळणार नाही म्हणून नव्हे. टेप वाजली की माझा भाऊ भर कोर्टात खोटा ठरेल, आणि ज्या हाताने त्याने चेन धरली होती त्याच हाताची सही पुढे येईल, हे मला बघवत नव्हते. चार वर्षांत तो माझ्या दारात आला नाही, तरी बघवत नव्हते. आता गाठीने माझा वेळ मोजायला घेतला आहे. डबा मी आज वामनरावांच्या हवाली केला आहे. मी असो वा नसो, जूनमध्ये सुट्टी संपून कोर्ट उघडले की त्यांनी पेटंट रद्द करण्याचा अर्ज करावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

कलम ७. जोडशाफ्ट मी माझ्या कोणाही वारसाला देत नाही. तो सगळ्यांना देते. सोबत तीन कागद जोडले आहेत. त्यांत नकाशा, चाकांच्या दात्यांची संख्या आणि चेन ताणण्याची रीत साध्या मराठीत लिहिली आहे. या कागदांच्या प्रती काढून परतवाड्यापासून अकोल्यापर्यंत जिथे जिथे सायकलचे किंवा रेडिओचे दुकान आहे तिथे पाठवाव्यात. ज्याला चेन बसवता येते त्याला हे बनवता येईल. बनवावे, सुधारावे, विकावे. परवानगी कोणाची लागणार नाही. केशवरावांनीही खुशाल बनवावे. फक्त त्यांच्या यंत्रावरची नावाची पितळी पाटी उतरवावी लागेल, आणि तिच्या जागी माझी लावावी असा माझा हट्ट नाही. मला एवढेच हवे आहे की तिथे खोटे नाव नसावे.

परदेशात आता चित्रसुद्धा टेपवरच नोंदतात असे मी वाचले. त्याबद्दल माझी एक वही आहे. टेप तिरकी ओढली तर लांबी कमी लागेल असे मला वाटते. वही अर्धवट आहे. ती या तीन कागदांबरोबरच पाठवावी. चुकलेल्या पानांसकट.

वर लिहिलेले मी स्वतः वाचून पाहिले, साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्या समोर केली.

सही: जमुना देवमन तायडे
अमरावती, रविवार, १७ एप्रिल १९६६

साक्षीदार:
१. माणिकबाई इंगळे, परिचारिका, फ्रेझरपुरा
२. खुशालराव गवई, शिक्षक, फ्रेझरपुरा

शेषराव, कायद्याला दोन साक्षीदार पुरतात. हे खालचे तुझ्यासाठी आहे. मी नागपूरहून परत आले तर तोंडाने सांगेन, नाही आले तर इंदू हा कागद तुझ्या हातात देईल. हा वाचायला तुला कोणी अडवणार नाही.

जूनला दीड महिना आहे. टेप कोर्टात वाजायच्या आधी तू आपल्या पायांनी जा आणि ते प्रतिज्ञापत्र मागे घे. तू स्वतः खरे बोललास तर तुला खोटे पाडायची वेळ कोणावर येणार नाही. नोकरी जाईल. लेकरांचे काय, म्हणशील. केशवरावांनी मला वाईट वागवले नाही, म्हणशील. बाई आधीपासूनच हट्टी, असेही म्हणशील, आणि कागद घडी करून खिशात ठेवशील. तुझे सगळे नकार मला पाठ आहेत, लहानपणापासून मीच ऐकत आले. तरी मागते. खाली एक ओळ मी तुझ्यासाठी लिहून ठेवली आहे. ती वाच आणि तिच्यापुढे सही कर.

“१९५९ साली माझ्या बहिणीने बनवलेले ते यंत्र मी पाहिले, आणि त्याची चेन हाताने धरली.”

सही: