पदरातलं वांगं

१२ नोव्हेंबर
सुनंदे, तारीख मला विचारतेस? शाळा शिकलेली सून तू, अक्षरशत्रू मी. भिंतीवरचं कॅलेंडर बघ नि लिही, नाहीतर वाचून दाखवताना म्हणशील, "आत्याबाई, हे कधी झालं?"
आज नातीची, मुक्ताची, नाशिकची प्रयोगशाळा पाहिली. वांग्याला कीड लागू नये म्हणून दुसऱ्याच जिवाचा गुण त्यात घालतात. सोन्याच्या कणांना तो चिकटवायचा, बंदुकीनं पानाच्या तुकड्यात मारायचा, तुकड्याचं रोप करायचं. म्हटलं, "तुझ्या कानात खोटे डूल, आणि वांग्याला सोनं?" दुसरी रीत म्हणजे झाडाला गाठी आणणारा जंतूच हमाल करायचा. गुण त्याच्या पाठीवर.

१३ नोव्हें.
काल एक राहिलं. तिथलं एक पिवळं पिकलेलं वांगं माझ्या पदरात आलं. चोरी नाय. बियाण्याजोगं फळ दिसलं की हात जातोच, जन्मभर गेलाय. बी धुतलं, सुकवलं, राखेत घोळून चिंधीत बांधलं. धुवण परसात, पपईच्या बुडाशी.
थांबलीस का? लिही.

१७ नोव्हें.
मुक्ताचा फोन. एक फळ कमी भरतंय. "आजी, ते बी बाहेर गेलं तर आमची प्रयोगाची परवानगी जाईल. माझी नोकरीसुद्धा."
मी म्हणाले, "उंदरानं नेलं असेल."
जीभ कशी वळली…

१९
मुक्ताला फोन करून सांगून टाकलं. संध्याकाळी आली, चिंधी सोडून एकेक बी मोजलं. धुवण कुठं ओतलं ते दाखवलं, तर वरची माती खरवडून पिशवीत भरली. उद्या प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगणार.
"माझं नाव सांग. म्हातारीला काय करणार ते?"
"तुला आत मी नेलं होतं, आजी."

२३
पपईपाशी तीन कोंब. वांगं, मिरची की टोमॅटो, दोन पानांवर मलाही ओळखू येईना. इतकी वर्षं काय केलं मग?
मुक्ता म्हणते, हात लावू नकोस, परवा साहेबांना घेऊन येते. तिच्या नोकरीचं साहेबांनी अजून काही सांगितलेलं नाही. मी कोंबांवर घमेलं पालथं घालून शेजारीच बसलेय. कोंबड्या कोंडल्यात.
सुनंदे, उद्या पहिल्या एस्टीनं तिला डबा धाड. पोरगी जेवत नसणार. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, गूळ-तूप. बी असलेलं काही घालू नकोस.