काचेच्या कपाटातले रंग

दादा,

रंगपेट्या, माती, ब्रश असं सगळं आमच्या शाळेला दिलंस, उपकार झाले. पण "मी येऊन मुलांबरोबर फोटो काढीन, तोवर उघडू नका," हे कशाला सांगितलंस? मोठ्या बाईंनी तुझा शब्द झेलला आणि सगळं काचेच्या कपाटात ठेवून कुलूप ठोकलं. तू मात्र वर्षभर "पुढच्या महिन्यात नक्की"! तोवर मातीचा दगड झाला.

काल वर्गाला आवडीच्या वस्तूचं चित्र काढायला सांगितलं. अर्ध्या वर्गाने पेन्सिलीने ते कपाटच काढलं, कुलपासकट. माझं डोकंच फिरलं. बाईंकडे किल्ली मागितली.

"अगं, तुझ्याच भावाची अट आहे!"

मग मी स्क्रूड्रायव्हरने बिजागऱ्याच काढल्या.

निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो, हे मी इतके दिवस नुसतं तोंडाने शिकवत होते. पोरांनी ते हात बरबटून शिकून घेतलं. कागद संपल्यावर कपाटही रंगवलं. एकीने कुलपाला डोळे आणि झुपकेदार मिशा काढल्या. हुबेहूब तू!

हे पत्र काही धाडत नाही; तू वहिनीला वाचून दाखवशील आणि महिनाभर रुसून बसशील. कपाटाचा फोटो तेवढा पाठवते. तुला फोटोत यायचं होतं ना? आलास.

तुझ्यावर जाम वैतागलेली,
धाकटी