राज्यात माणसांना तोटा नाही

प्रिय अर्डिसवहिनीस,

डेल्मारचा दोन्ही कान धरून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? हायवेपलीकडच्या त्या पाण्याच्या घसरगुंड्यांच्या हॉटेलात दिवसभर ओल्या फरशीवर उभी असतेस असं ऐकलं, म्हणून काळजी. (ऐकलं कशाला, परवा दुर्बिणीतून पाहिलं. मी बदकं बघत होतो.) इकडे मी मजेत. धंदा उत्तम. पाठ तेवढी धरली आहे आणि उजव्या हाताला तेलाचे चटके आहेत, बाकी ठणठणीत.

तू आपलं हॉटेल सोडून गेलीस त्याचं खापर मी त्या रोजगार खात्याच्या साहेबावर फोडत होतो, पण तो बिचारा खरंच बोलला होता. व्यापारी मंडळाच्या न्याहारीला येऊन त्यानं सांगितलं, की आपल्या विस्कॉन्सिन राज्यात हॉटेलं नि खाणावळींत काम करणारी माणसं महिन्यामागून महिना वाढताहेत. भिंतीवर चढती रेघही दाखवली. तिसरा पॅनकेक संपेपर्यंत मी अर्थतज्ज्ञ झालो होतो. परत येतो तर तू दारातच उभी. रविवारची सुट्टी हवी, बहिणीकडे पत्त्यांचा, शीप्सहेडचा डाव मांडायचा आहे. नॉर्बर्टदादा हयात असता तर "जा की" म्हणाला असता. मी म्हणालो, "वहिनी, राज्यात आता माणसांना तोटा नाही." तू एप्रन सोडलास आणि माझ्या खांद्यावर टाकलास. "मग त्यातलंच एखादं बघा, भावोजी."

बघितलं ना! माणसं वाढली होती, पण ती सगळी तुझ्या त्या नव्या हॉटेलात. आपल्या 'माणसे पाहिजेत'च्या पाटीला महिनाभरात दोघे भुलले. एक आलाच नाही. दुसऱ्यानं माझीच मुलाखत घेतली, विचार करून कळवतो म्हणाला, आणि अजून विचारच करतोय.

आणि त्यात शुक्रवार उजाडला. तळलेल्या माशांच्या जेवणाचा शुक्रवार आईबाबांपासून कधी चुकलेला नाही, हे तुला मी काय सांगू! बारपाशी ब्रँडी घेत टेबलाची वाट बघणारी सगळी गर्दी, आत मी एकटा पर्च मासे तळतोय आणि वाढायला चिटपाखरू नाही. शेवटी बाहेर येऊन ओरडलो, ज्याला लवकर जेवायचंय त्यानं एप्रन बांधा! (विनोद म्हणून ओरडलो होतो.) वहिनी, एप्रनसाठी झुंबड उडाली. पोस्टमन बटाट्याची धिरडी उलटायला लागला, दातांच्या डॉक्टरीणबाई कोबीची कोशिंबीर वाढायला, आणि पाद्रीबाबा श्रोएडर ग्लास विसळायला. डॉक्टरीणबाई वाढता वाढता प्रत्येकाच्या तोंडात डोकावत होत्या, त्यामुळे चीजकेक काही खपला नाही.

हे आता दर शुक्रवारचंच झालंय. मध्यंतरी त्या खात्यातून फोन आला, तुमच्याकडे कामाला किती माणसं? मी फुशारकीनं बांधलेले सगळे एप्रन मोजून आकडा सांगितला. पुढच्या न्याहारीला साहेबानं आपल्या काउंटीचं खास कौतुक केलं, तेव्हा पोस्टमननं उभं राहून वाकून नमस्कार केला. मी टेबलाखाली पडलेला चमचा शोधत राहिलो, जो पडलाच नव्हता. (नंतर साहेबाला फोन करून खरं सांगितलं. बराच वेळ हसत होता.)

सांगायचा मुद्दा, तुझ्यावाचून इथं काही अडलेलं नाही, तेव्हा तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. राग निम्मा केलास तरी मला पुरे.

तुझा दीर,
डेल्मार

ता. क. माणसं कमी म्हणून मी पाद्रीबाबांना रविवारचीही पाळी लावली होती. काल त्यांनी भीत भीत सुट्टी मागितली. मी म्हटलं, घ्या ना, त्यात विचारायचं काय! ते ग्लास पुसायचे थांबले. "अर्डिसला पण असंच म्हणाला होतास का रे?" वहिनी, माझं चुकलं. मासे मी तळीन, पण तू गेल्यापासून दादा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतं. परत ये.

ता. क. २. दारावर 'रविवारी बंद' अशी पाटी लावली आहे. आपलं हॉटेल रविवारी बंद म्हटल्यावर जो तो विचारतोय, कोण वारलं? मी सांगतो, कुणी नाही, वहिनी परत येतेय. एव्हाना गावभर झालंय. आता मला खोटं पाडू नकोस.