वेंधळेपणाची शिकवणी

आई,

तू गेल्यावर बाबांना आमच्याकडे चला म्हटलं, तर हे घर सोडायला तयार नाहीत. मग एकट्याने राहायचं तर कपड्यांचं मशीन तरी लावता यायला हवं. म्हटलं, शिकवणं माझा पेशाच आहे. माझ्या वर्गात एकीला फेऱ्या मारल्याशिवाय पाढे येत नाहीत, एकाला चित्र काढल्याशिवाय गणित कळत नाही. ते मला ओळखता येतं.

बाबांपुढे मात्र हात टेकले. समजावून सांगितलं, तर पेपर वाचत बसले. बटणांवर चिठ्ठ्या लावल्या, तर सोलून काढल्या. हात धरायला गेले, तर म्हणाले, "मी काय कुकुलं बाळ आहे?"

काल घाईत माझा लाल मोजा त्यांच्या पांढऱ्या शर्टांत गेला. बाबा ताडकन उठले, मोजा काढून फेकला आणि पुटपुटत मशीन स्वतः लावलं. अगदी बरोबर.

आज मी मुद्दाम तांदूळ न धुता पातेल्यात टाकले. भात त्यांनीच केला.

तेव्हा तू आठवलीस. "अहो, माझ्या मेलीच्या ध्यानातच राहत नाही," म्हणत तू त्यांना फ्यूज बसवायला शिकवलंस, नळ दुरुस्त करायला शिकवलंस. आम्ही तुला वेंधळी समजत राहिलो.

जेवताना बाबा म्हणाले, "आईवर गेलीस. एक काम धड येत नाही."

इतकी वर्षं शिकवतेय, पण अशी पावती मला कुणी दिली नव्हती.

तुझ्याइतकीच वेंधळी व्हायला निघालेली,
तुझी लेक