लय निवलेलं तेल

बंगळूर, ता. ९ जानेवारी १९४४

तीर्थरूप आबा,
तुमच्या पायांवर डोकं ठेवून जोतिबाचा नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवण बरं मिळतं, जुना खोकलाही थांबला. आपली धाकटी मनू हे वाचून दाखवील. यंदा गुऱ्हाळावर तुमच्या जोडीला कोण आहे?

इथं मी विमानाच्या इंजिनातलं तापलेलं तेल निववणाऱ्या नळ्यांच्या जाळीचे नकाशे काढतो. इंजिन फार तापतं म्हणून मी जाळी मोठी केली. पण वर आभाळात गारठा लय. तेल इतकं निवलं की नळ्यांतच घट्ट बसलं, वाट बंद झाली आणि इंजिन जास्तच तापलं. वैमानिकानं विमान कसंबसं शेतात उतरवलं. जीव वाचला, पाय मोडला. मी त्याला भेटून आलो. तो रागावला नाही, त्याचंच जास्त लागलं.

काहिलीतला उकळता गूळ निवायला वाफ्यात ओतला की तुम्ही म्हणायचा, "लय निवू देऊ नगंस रं, तळालाच धरून बसंल." हे माझ्या हातांना ठाऊक होतं, आणि कागदावर मी ते विसरलो.

तीन वर्षांपूर्वी भर हंगामात तुम्हाला उलटून बोलून मी निघून आलो, तेव्हाही हेच केलं. आधी तुमचा राग निवू दे, मग लिहू, असं म्हणत राहिलो. चुकलं माझं, आबा.

मनू, आबा ऐकून काय म्हणाले ते कळव. काहीच बोलले नाहीत, तर तेवढंच लिही.

तुमचा,
जोतिबा