मामांच्या रानात एक्स वर्ग

राजुरी,
बुधवार

तीर्थरूप बाळासाहेबमामांना गोकुळचा वाकून नमस्कार (वाकलेलाच आहे, कुदळीनं कंबर धरलीय).

मंचरला ताईकडं तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. फोनवर माझं संपायच्या आत तुम्ही ओरडता, म्हणून पत्र. डॉक्टरांनी डोळ्याला ताण देऊ नका म्हटलंय, तेव्हा मामींकडून वाचून घ्या, आणि रान बघायची घाई तर अजिबात करू नका.

या खेपेला दहावीचं गणित सुटलं तरच गेणूनाना त्यांची श्रेया मला देणार, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून शीला मॅडमची शिकवणी लावली. (मधे दोन दिवस चुकले. वही आणायला घोडेगावला गेलो, तिथं डोंगरातली एसटी उभी, खिडकीची जागा मोकळी. माणूस काय करणार?) मॅडमनी एक्स वर्ग, सात एक्स आणि बारा यांचे अवयव पाडायला दिले. कागदावर काय दिसंना. तेव्हा त्या म्हणाल्या, चौकोन आणि पट्ट्या जुळवून सलग आयत कर. मामा, म्हणजे वाफेच की! तुमचा कांद्याच्या रोपाचा मोठा चौरस वाफा, तो एक्स वर्ग. (एक्स किती ते ठाऊक नसावं लागतं, म्हणून पावलं मोजलीच नाहीत.) त्याला लागून पाऊलभर रुंदीचे सात लांब वाफे ओढले, चार एका अंगाला, तीन दुसऱ्या, आणि कोपऱ्यात पाऊलभराचे बारा चिमुकले. काय देखणा आयत झाला! फक्त चार पट्ट्या बांध ओलांडून गेणूनानांच्या बटाट्यात गेल्या.

नाना धावतच आले. "अय पावणं, सरकारी मोजणी आलीय का?"

"नाय नाना, गणित हाये."

"मग मामाच्या रानात सोडव की! दोन-सहा घे, तरी बारा व्हत्यात."

मी समजावलं, दोन-सहाची बेरीज आठ होते, आणि एक-बारा धरलं तर वाफे घोडेगावला पोचतील. नाना म्हणाले, "असला जावई नगं मला." मामा, गणित सुटलं आणि सोयरीक मोडली.

आपला (परवापर्यंत) आज्ञाधारक भाचा,
गोकुळ

ता. क. पुस्तक पुन्हा बघितलं. सात एक्सच्या आधी वजा होतं. मॅडम म्हणाल्या, मग एक बाजू एक्स वजा तीन, दुसरी एक्स वजा चार. म्हणजे बाहेर काही वाढवायचं नाही, तुमच्या वाफ्यातूनच कापायचं.

ता. क. दुसरा. हे उत्तर नानांना लई पटलंय. "नापास झालास तरी चालंल, पन बांधालगतची चार पावलं आजच वजा करून माज्या रानात मिळव" म्हणतात. तुम्ही फक्त 'हो' कळवा. साखरपुड्याची तारीख त्यांनी दारावर खडूनं लिहिलीय, आणि शेजारीच उभे आहेत: एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात ओलं फडकं.